घंटी वाजली तरी उचलू नका

मित्रांनो, मी एक जुनी, राखाडी, फोन जोडून देणारी पेटी आहे. एका लहान दवाखान्यात औषधांच्या कपाटावर माझी जागा आहे. कारखान्यात मला एकच काम शिकवलं: इंटरनेटवरून कोणाला कोणाशी बोलायचं आहे ते ऐकायचं, पलीकडच्याचा पत्ता शोधायचा, घंटी वाजवायची आणि दोघांचं जमलं की बाजूला व्हायचं. पुढचं बोलणं थेट त्या दोघांमध्ये चालतं.

सुरुवातीला माझं फार कौतुक झालं. मग प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आला आणि मला कोणी विचारेना.

एकदा दुरुस्तीला आलेली तंत्रज्ञ ताई सिस्टरना म्हणाली, "ही माणसांची गाठ घालून देते, तशी यंत्रांचीही घालेल की!" हृदयाचा आलेख काढणारं आमचं यंत्र आणि मोठ्या रुग्णालयातल्या डॉक्टरांचा संगणक यांना एकमेकांचे पत्ते ठाऊक नव्हते. मला होते. ताईने माझ्या निरोपात 'बोलायचं आहे' याऐवजी 'आलेख पाठवायचा आहे' असं घातलं.

दुसऱ्याच दिवशी एक सुतारकाका छाती धरून आले. मोठ्या रुग्णालयाचा रस्ता लांबचा आणि खडबडीत. त्यांना हलवायचं की नाही, हे आलेख पाहूनच ठरणार होतं. सिस्टरनी बटण दाबलं. डॉक्टरांच्या नावावर फोन आणि संगणक दोन्ही होते, म्हणून मी दोन्हींकडे घंटी वाजवली. जो आधी उत्तर देईल त्याला जोडायचं, ही माझी रीत. आणि घंटी पुरती वाजायच्या आत फोन उचलायचा, ही डॉक्टरांची सवय!

"हॅलो? कोण बोलतंय?"

फोनला आलेख कुठला कळायला? जोडणी तुटली. पुन्हा तेच झालं.

मग सिस्टरनी स्वतःच फोन लावला. "डॉक्टर, आता घंटी वाजली तर हात लावू नका!"

"अहो, मग उचलणार कोण?"

"तुमचा संगणक!"

"बरं बाई, हात मांडीखाली घेऊन बसतो."

या वेळी संगणकाने होकार दिला. काकांच्या हृदयाची वेडीवाकडी रेघ सरसर निघाली आणि मी बाजूला झाले. लगेच डॉक्टरांचा फोन आला, "ताबडतोब निघा. मी इकडे तयारी करतो."

काका वाचले. बरे झाल्यावर त्यांनी माझ्यासाठी भिंतीवर एक सुबक फळी ठोकून दिली. ताईनेही आलेख असेल तेव्हा फोनची घंटी बंद ठेवायला मला शिकवलं.

आता रोज एखादा तरी आलेख जातो. मी सुखात आहे. फक्त माझ्या जाळीत धूळ साचू देऊ नका, डोक्यावर फायली रचू नका. थोडा वारा लागू द्या, मित्रांनो. कोणी काय सांगायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. गाठ घालून द्यायला मी आहे.