पाण्याच्या दिवशी पेपर

मी एक जुना लॅपटॉप आहे, मित्रांनो. किती जुना ते विचारू नका, वय काढलं की मला राग येतो आणि माझा पंखा घरघरायला लागतो. माझी उजवीकडची बिजागरी मोडली आहे, म्हणून झाकणाला मागून उशीचा टेकू द्यावा लागतो. बॅटरी तर कधीच गेली. भिंतीतल्या प्लगातून वीज येते तोवर मी जिवंत. लाइट गेली की बोलता बोलता माझे डोळे मिटतात. डोकं मात्र अजून शाबूत आहे बरं का.

माझा जन्म कुठल्याशा दूरच्या कारखान्यात झाला. तिथलं काही आठवत नाही. आठवतं ते चिकलठाण्याच्या एमआयडीसीतलं ऑफिस. तिथले साहेब दिवसभर माझ्याकडून हिशेब करून घ्यायचे आणि दुपारी माझ्याच झाकणावर डबा ठेवून जेवायचे. लोणच्याचा एक डाग अजून माझ्या अंगावर आहे. मी कधी कुरकुरलो नाही. एक दिवस ऑफिसात नवी यंत्रं आली आणि आम्हा जुन्यांना खोक्यात कोंबून विकून टाकलं. निरोप नाही, काही नाही.

मग मी पैठण गेटजवळच्या एका दुकानात काचेमागं बसलो. तिथं मला संघपाल भेटले. ते एसटीत कंडक्टर होते, पैठणच्या गाडीवर. ड्यूटी संपवून तसेच खाकी कपड्यात आले होते. यावर पोरीचं कॉलेज निघेल का, एवढंच त्यांनी विचारलं. दुकानदार म्हणाला, "बिनधास्त लेके जाओ चाचा, मक्खन चलता." मी आयुष्यात कधी मक्खनसारखा चाललो नव्हतो, पण गप्प बसलो. मलाही घर हवं होतं.

शहराच्या कडेला, जिथं डांबरी रस्ता संपून प्लॉटिंग सुरू होतं, तिथं त्यांचं दोन खोल्यांचं घर. खिडकीतून ज्वारीचं रान दिसायचं. त्यांची मुलगी सुलेखा तेव्हा बी.सी.ए.च्या पहिल्या वर्षाला होती. तिच्या आईनं, पारूबाईंनी, आपलं जुनं लुगडं फाडून मला पांघरूण शिवलं. काय माझा थाट होता म्हणून सांगू! घरातल्या माणसांना धूळ चालायची, मला चालायची नाही.

त्या वर्षांत मी अख्ख्या गल्लीचा झालो. शिष्यवृत्तीचे अर्ज, रेशनकार्डाचं काम, परीक्षेचे निकाल, भीमजयंतीची निमंत्रणं, सगळं माझ्यावर व्हायचं. ज्याला खातं उघडायचं तो सुलेखाकडं यायचा. पासवर्डही तीच ठरवायची. आता इतक्या लोकांचे वेगवेगळे पासवर्ड कोण लक्षात ठेवणार? तिनं सोपा मार्ग काढला. सगळ्यांना एकच, जयभीम आणि पुढं चौदा. म्हणायला अभिमानाचा, विसरायची सोय नाही. म्हातारी माणसंही तो छाती काढून सांगायची, आणि तेही मोठ्यानं, भर गल्लीत.

सुलेखा पास झाली, वाळूजच्या एका कंपनीत कंत्राटी कामाला लागली. कुणाचा प्रिंटर अडला, कुणाचं इंटरनेट बसलं, की धावत जायचं, असं ते काम. तिला तिथं दुसरं यंत्र मिळालं. मी लुगड्याच्या पांघरुणाखाली पडून राहिलो. एकदा माझ्यावर इस्त्रीचे कपडे रचून ठेवले होते. मला लई लागलं ते.

तोवर खिडकीतलं ज्वारीचं रान गेलं. तिथं रो-हाऊस आले, मग चार मजली इमारती. प्रत्येकानं बोअर पाडला आणि एकेक बोअर आटत गेला. त्या वर्षी पाऊस रुसला. संघपाल रिटायर व्हायच्या आधीचे शेवटचे महिने पैठणला जात होते. धरण रोज कसं मागं सरकतंय ते घरी येऊन सांगायचे. नळाला आठ दिवसांनी पाणी यायचं. तेही इतकं बारीक की मोटार लावल्याशिवाय टाकीत चढायचं नाही. पाण्याच्या दिवशी गल्लीत कुणी आजारीसुद्धा पडत नव्हतं.

अशातच सांडूकाकांचं ते प्रकरण झालं. सांडूकाका म्हणजे गवंडीकाम करून थकलेले शेजारी, जयंती समितीचे अध्यक्ष. समितीचं फेसबुकवर पान होतं. त्यावर ते पोरांच्या निबंधस्पर्धेचे फोटो टाकायचे, सुलेखानंच शिकवलं होतं. एका सकाळी त्या पानावर कुणीतरी घाण चित्रं टाकली. काकांच्या नावानं. वैजापूरपासून नातेवाइकांचे फोन आले. काकांनी दार लावून घेतलं, दोन दिवस बाहेर आले नाहीत. कुणी हरामखोरानं पासवर्ड ओळखला होता. तो ओळखायला काय अवघड होतं?

सुलेखा त्यांच्या पाया पडायला गेली. ते म्हणाले, "तू कशाला वाईट वाटून घेती बाई? तुझ्याबिगर आम्हाला काय येतंय." शिवी दिली असती तर बरं झालं असतं, असं ती घरी येऊन रडत आईला सांगत होती. मग तिनं सगळ्यांचे पासवर्ड बदलले, प्रत्येकाला निराळा दिला. आठवड्याभरात सगळे विसरले आणि पुन्हा दारात उभे राहिले.

आपल्याला हे काम खरं येतच नाही, हे तिला तेव्हा उमगलं. नीट शिकायला पाहिजे असं तिच्या मनानं घेतलं. तिनं माझ्यावरचं पांघरूण काढलं आणि शोधायला लागली. दक्षिणेतल्या एका विद्यापीठाची सायबर सिक्युरिटीची एम.एस्सी. सापडली. दोन वर्षं, संध्याकाळी वर्ग, सगळं ऑनलाइन. नोकरी सोडायची गरज नव्हती, आणि सोडून चाललंही नसतं.

पण तिचा निर्णय होईना. एक मैत्रीण म्हणाली, ऑनलाइन डिग्रीला कुणी दारात उभं करत नाही. दुसरी म्हणाली, डिग्री नसली तर अर्जच बाजूला टाकतात. सुलेखा रोज ते पान उघडायची, वाचायची, मिटायची. मीही वाचलं. विद्यार्थ्याकडं कसं यंत्र पाहिजे ते खाली लिहिलं होतं, आणि त्यातलं निम्मंही माझ्यात नव्हतं. पहिलं सत्र मी कसंबसं ओढलं असतं. पुढच्या प्रयोगांना माझा दम पुरला नसता. ती शिकली तर माझी रवानगी भंगारात, हे मला लख्ख दिसत होतं.

संघपालांना तर हे मुळीच पटत नव्हतं. "शिकायचं तर फाटकातून आत जायाचं असतंय, बाई," ते म्हणाले. त्यांच्या आईनं बहात्तरच्या दुष्काळात रोजगार हमीच्या रस्त्यावर खडी फोडली होती. पुढं तीच माय त्यांना नागसेनवनातल्या कॉलेजच्या फाटकापर्यंत घेऊन आली, स्वतः बाहेर थांबली आणि म्हणाली, आत जा, मागं बघू नको. ज्या लोकांना फाटकाच्या आत पाऊल टाकायला पिढ्या लागल्या, त्यांच्या पोरीनं घरात, चुलीपासून चार पावलांवर बसून डिग्री घ्यायची? त्यांना ते शिक्षणच वाटेना.

विद्यापीठानं प्रवेश परीक्षेला नाव देणाऱ्यांना आठवडाभर वर्गात बसून बघायची मुभा दिली होती. सुलेखा बसली. मित्रांनो, मी सगळं बघत होतो. मास्तर तिकडं बोलायला लागले की इकडं हाका सुरू. सुले, टँकर आलाय, हंडे दे. सुले, गॅसवाला ओटीपी मागतोय. ताई, माझ्या नातवाचं आधार बघ ना जरा. कुणाचं चुकत होतं? कुणाचंच नाही. पोरगी घरात आहे, समोर दिसतेय, मग हाक मारायची नाही तर काय! ती उठायची, यायची, तोवर मास्तर पुढं गेलेले असायचे.

शेवटच्या दिवशी तिनं माझं झाकण मिटलं. वडील खाटेवर पेपर वाचत होते. ती म्हणाली, "तुमचं खरंय पप्पा. घराला फाटक नाय. नाय करत मी हे." खोटं कशाला बोलू, मला हायसं वाटलं. वाचलो म्हटलं. पण जाता जाता तिनं माझ्यावर पांघरूण घातलं तेव्हा तिचा चेहरा दिसला आणि माझी मलाच लाज वाटली.

जिंकलेल्या माणसासारखे संघपाल काही दिसले नाहीत. रात्री जेवताना त्यांनी हातातला भाकरीचा तुकडा खाली ठेवला. मग एवढंच म्हणाले की प्रवेश परीक्षेला नाव दिलंय ना, तर पेपर तेवढा देऊन टाक.

पेपर रविवारी सकाळी, घरूनच माझ्यावर द्यायचा होता आणि पाणी मंगळवारी यायचं होतं. मधे कुठं जलवाहिनी फुटली, दुरुस्त झाली, वेळापत्रक उलटंपालटं झालं. पेपर सुरू होऊन थोडा वेळ गेला असेल नसेल, गल्लीतून आरोळी आली, पाणी आलं.

आता नियम ऐका. पेपर चालू असताना जागेवरून उठायचं नाही, दुसऱ्याचा आवाज नाही, दुसरं माणूस दिसता कामा नये. तसं झालं तर चुगली करायचं काम माझ्याच डोळ्याकडं, म्हणजे कॅमेऱ्याकडं. आणि दुसरं संकट असं की आमच्या घरची मोटार आणि माझा प्लग एकाच बोर्डावर. मोटार चालू केली की अर्ध्या वेळा फ्यूज उडायचा. फ्यूज उडाला की मी गेलो, आणि माझ्याबरोबर पेपर.

शेजारच्या मोटारी घुमायला लागल्या. खोलीतला दिवा मंद झाला. माझा जीव पंख्यात गोळा झाला. सुलेखाचे डोळे प्रश्नावर होते, पण कान बाहेर. पारूबाईंची पावलं दारापर्यंत आली. त्या हाक मारणार इतक्यात थांबल्या, कुणीतरी थांबवलं. मग अंगणात दबक्या आवाजात भांडण झालं. आठ दिवस काय पिणार, असं त्या विचारत होत्या. संघपाल म्हणत होते, भागवू. मी मोटारीच्या बटणाच्या आवाजाची वाट बघत होतो. तो आला नाही.

पेपर संपला तशी सुलेखा धावत बाहेर गेली. पाणी येऊन गेलं होतं. टाकी रिकामी. नळाच्या खड्ड्यात उतरून, बारीक धारेखाली कळशी धरून धरून संघपालांनी दोन पिंपं भरली होती. गुडघ्यापर्यंत चिखल. वय झालेला माणूस भिंतीला धरून उभा होता. पारूबाई सुलेखाला म्हणाल्या, "नीट गेला का पेपर? मग झालं. मी या माणसाशी चार दिवस बोलणार नाय." आणि खरंच बोलल्या नाहीत. दर सकाळी हंडे घेऊन टँकरच्या रांगेत मात्र सगळ्यांच्या पुढं.

तो आठवडा वाईट गेला. भांडी राखेनं घासली, आंघोळीला तांब्याभर पाणी. सुलेखा कामावरून आली की रिकाम्या टाकीकडं बघायची. बुधवारी परीक्षेच्या निकालात तिचं नाव आलं, तेव्हा तिनं मला उघडलं आणि प्रवेशाचा अर्ज भरला. शेवटचं बटण दाबायच्या आधी वडिलांना हाक मारली. या डिग्रीला पुढं किंमत मिळेल का, ते तिला माहीत नव्हतं, आणि तसं तिनं त्यांना सांगून टाकलं.

"मला बी नव्हतं माहीत," संघपाल म्हणाले. "बी.ए. करून मी तिकिटंच फाडली. पण आत जाऊन आलो."

तिनं बटण दाबलं.

पहिला खरा वर्ग सोमवारी संध्याकाळी होता. सुलेखा माझ्यासमोर बसली, दाराकडं पाठ करून. दाराचा पडदा उघडाच होता. उकाडा इतका की दार लावायची सोय नव्हती. संघपाल उंबऱ्यात बसले होते. सांडूकाका काठी टेकत आले, पुन्हा पासवर्ड विसरले असणार. दारातून त्यांना सुलेखाची पाठ दिसत होती, वेणी दिसत होती. तरी रिवाजाप्रमाणे त्यांनी विचारलं, "जय भीम. सुलेखा हाय का घरात?"

संघपालांनी एकदा मागं बघितलं. म्हणाले, "जय भीम. नाय, कॉलेजात गेलीय."

काकांनी पुन्हा तिच्या पाठीकडं बघितलं. मग आवाज अगदी खाली आणून त्यांनी विचारलं, कधी येईल. नऊला, संघपाल म्हणाले. काका त्यांच्या शेजारी पायरीवर टेकले.

मित्रांनो, मी पुढच्या सत्राला नसेन. मला पुसा, जपा, असं मागायचं माझं वय आता गेलं. एकच मागतो. तुमच्या घरात ताई, आई, वहिनी, कुणीही असं यंत्राच्या पडद्यासमोर बसून शिकत असेल, तर ती घरात नाही असं समजा. पाणी आलं तर तिला हाक मारू नका. उठा आणि कळशी तुम्ही धरा.