आईच्या खोलीतली बादली

आधीच सांगतो, मी दारुडा नाही. इंग्लंडात मेडनहेडला घर, आयटीत नोकरी, आणि शुक्रवारी पबमध्ये बिअरचा एखादा पाइंट, तोही टीमने आग्रह केला तर. मग घरी बिअर बनवायच्या भानगडीत कशाला पडलो? ऑफिसातल्या ग्रॅहमने होमब्रूची स्पर्धा लावली आणि वर म्हणाला, "विनय, यू वोन्ट मॅनेज इट." झालं! आपलं डोकंच तसलं. कुणी डिवचलं की सटकलंच.

मोठी प्लॅस्टिकची बादली, घट्ट झाकण, झाकणावर पाणी भरलेली छोटी नळी. आतलं यीस्ट साखर खायला लागलं की नळीतून बुडबुडे येतात. बुडबुडे आले म्हणजे काम चालू. पण फेब्रुवारीत गॅरेजमध्ये ठेवली तर यीस्ट गारठून झोपणार. मी आणि बायको दिवसभर बाहेर, त्यामुळे सतत हीटिंग चालू असणारी खोली घरात एकच. आईची.

आई मनमाडहून राहायला आली होती. आमचे दादा, म्हणजे वडील, दारूपायी गेले. मी इकडे यायला निघालो तेव्हा घरातल्या बुद्धमूर्तीसमोर हात जोडून तिला म्हणालो होतो, "आई, मी थेंबाला शिवणार नाही." मी दादांसारखा नाही, एवढ्या एका गोष्टीवर ती सुखाने झोपत आली होती. म्हणून बादली तिच्या खोलीत नेताना सांगितलं, "अगं, पोटाचं औषध आहे. आंबवलेला काढा. ॲसिडिटीनं हैराण झालोय."

"ठेव की. मला काय त्याची अडचण?" आई म्हणाली.

माझी बायको सीमा जिन्यात उभी होती. "लाज वाटू दे जराशी," एवढंच बोलली. वाटतच होती हो. पण बादली खाली नेण्याइतकी नाही.

आई रोज सकाळी वंदना करायची. मेणबत्ती, अगरबत्ती, त्रिशरण, पंचशील. मद्यापासून दूर राहण्याचं शील ती म्हणत असताना तिच्या पाठीमागे बादली बुडबुड करायची आणि दाराबाहेर मोजे चढवताना माझे कान तापायचे. खोटं न बोलण्याचं शील तर मी आधीच मोडून बसलो होतो.

मग एकाएकी बुडबुडे थांबले. साखर मोजायची काचकांडी बादलीत सोडून पाहिली, तर निम्मी साखर तशीच. इंटरनेटवरचे सगळे उपाय झाले. बादली हलकेच गोल फिरवली, यीस्टचं नवं पाकीट टाकलं. ढिम्म! ऑफिसात ग्रॅहम रोज विचारायचा, आणि मी घरी येऊन राग काढायचो. मीठ कमी म्हणून सीमावर खेकसलो. चहा गार म्हणून कप आदळला.

एका सकाळी आईच्या खोलीत शिरलो तर खिडकी सताड उघडी. बर्फासारखा वारा थेट बादलीवर.

"कुणी उघडली ही?" मी ओरडलोच.

आई दचकली. "मीच. रोजच उघडते. अगरबत्तीनं तो धुराचा अलार्म कोकलतो ना, तूच म्हणालास खिडकी उघडत जा."

म्हणालो होतो. मीच म्हणालो होतो. पण तिथे गप्प बसलो तर मी कसला! "मग लावूच नकोस अगरबत्ती! एवढं साधं कळत नाही तुला? सगळं नासवलंस माझं!"

आईनं उठून खिडकी लावली. खिटी तिला लवकर सापडेना. मी मदतही केली नाही.

दुसऱ्या दिवशी वंदनेला अगरबत्ती नव्हती, मेणबत्तीही नव्हती. नुसता आवाज, तोही कुणाला ऐकू जाऊ नये असा. सॉरी म्हणायला मी दारापर्यंत गेलो आणि ट्रेन चुकेल म्हणून तसाच निघालो. ट्रेन दर पंधरा मिनिटांनी असते.

संध्याकाळी घरी आलो, तर जिन्यातच ऐकू आलं. बुडबुड, बुडबुड! धावत वर गेलो. बादलीला आईची लोकरी शाल गुंडाळलेली, शालीच्या आत गरम पाण्याची पिशवी. तिच्या गुडघ्यांसाठी मीच आणलेली पिशवी. आणि आई पलंगावर, कोट घालून, गुडघे चोळत बसलेली.

"आई! अगं, चाललं की!" मी लहान पोरासारखा नाचलो. "काढ्याला ऊब लागते, हे तुला कसं कळलं?"

"काढा कसला रे," आई म्हणाली. "दारूच ना ती? तुझ्या दादांच्या अंगाचा वास मी विसरेन होय? झाकण लावून वास लपतो का?"

बिअर म्हणजे तशी दारू नव्हे, वगैरे काहीतरी तोंडात आलं होतं, ते गिळलं.

"मग ही शाल कशाला गुंडाळलीस?"

आई बादलीकडे बघत राहिली. "घरात बाटली नसली की दादा असेच ओरडायचे. कप आपटायचे. मग मीच दुकानात जाऊन आणून द्यायची. तेवढीच घरात शांतता."

खाली स्वयंपाकघरात सीमा भांडी लावत होती. एकही भांडं वाजत नव्हतं. हे किती दिवस चाललं होतं, देव जाणे. मला तेव्हा कळलं.

शरमेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं. वाटलं, उचलावी बादली आणि ओतावी बाथटबमध्ये. पण हातच धजेना. दादाही तेच करायचे. सगळ्यांसमोर बाटली फोडायचे, शपथ घ्यायचे, आणि काचा आई वेचायची.

मी मुकाट्यानं बुद्धमूर्तीजवळचा अगरबत्तीचा पुडा घेतला, तिच्या हातात दिला आणि खिडकीकडे वळलो. "चुकलं माझं, आई. तू लाव. मी उघडतो खिडकी."

"नको नको, राहू दे!" ती घाईघाईनं उठली. "गार पडेल ते."

आणि असं म्हणताना ती माझ्या तोंडाकडे बघत होती, दादा घरात पाऊल टाकायचे तेव्हा त्यांच्याकडे बघायची, तशीच.