ठिणगी बघायला दोघं

आदिनाथ मगदूमने किक मारली की ठिणगी पडायची, पण प्लगवर नाही. ती शेजारच्या सुलोचनावहिनींच्या स्वयंपाकघरात, चहा-साखरेच्या डब्यांपाशी पडायची. वहिनी ती वाटीत घेत, वर ताटली झाकत आणि पदर खोचून परत करायला येत.

“घ्या भावजी, तुमची ठिणगी. आज साखरेच्या डब्यामागं जाऊन बसली होती. डबा हलवला तवा सापडली.”

आदिनाथ ताटली उचलून बघायचा. वाटीच्या तळाशी मेथीच्या दाण्याएवढी निळसर ठिणगी निवांत बसलेली असायची. तो ती चिमट्याने उचलून प्लगच्या तोंडाशी धरायचा, पण त्या घरातून या घरात येईपर्यंत ती शिळी झालेली असे आणि शिळ्या ठिणगीला पेट्रोल भीक घालत नाही. मग तो ती खिडकीच्या फळीवर ठेवून द्यायचा. शेजारणीची वाटी रिकामी कशी परत करायची, म्हणून तीत गुळाचा एक खडा टाकायचा.

गाडी म्हणजे मोटारसायकल, आणि तीही दुकानातून आणलेली नव्हे. इंजिन एकीचं, चाकं दुसरीची, टाकी घरीच पत्रा ठोकून केलेली, आणि हँडल इतकं रुंद की पुढच्या खोलीतून गाडी बाहेर काढायची तर आधी दाराचं एक कवाड उतरवावं लागे. सूतगिरणीत फिटरकी करून आलेला माणूस घरी येऊन पुन्हा हातात पाने घेतो म्हटल्यावर कोणत्याही बायकोचं डोकं फिरलं असतं. आदिनाथची बायको पद्मा कधी एका शब्दाने बोलली नाही, कारण अर्धी गाडी तिचीच होती. ती दस्तगीरच्या वाइंडिंगच्या दुकानात कामाला जायची आणि पंपांच्या जळालेल्या मोटारींत नवी तांब्याची तार भरायची. या गाडीच्या मॅग्नेटचं कॉइलही तिनेच भरलं होतं, घरी, पाय पसरून बसून, मांडीवर सूप घेतल्यासारखं.

ठिणगी येते की नाही हे बघायला दोघं लागतात. एकाने किक मारायची, दुसऱ्याने प्लग काढून इंजिनला टेकवून धरायचा आणि बघायचं. बघायचं काम पद्माचं. झटका बसू नये म्हणून ती प्लगची वायर पदराच्या टोकात, दोन बोटांत धरायची, एक डोळा मिटायची आणि म्हणायची, “पडली.” पण एका ठिणगीवर विश्वास ठेवील तर ती पद्मा कसली! पाठोपाठ म्हणायची, “अजून एक मारा.”

गाडी रस्त्याला लागायच्या आधीच पद्मा वारली. पाठ दुखते म्हणून दुपारी आडवी झाली ती उठलीच नाही. भेटायला येणारे येऊन गेले, घर शांत झालं, आणि आदिनाथने पहिल्यांदा एकट्याने किक मारली. तेव्हापासून ठिणगी प्लगवर पडेना. त्याला गाडीवर बसून कुठे जायचं नव्हतं. त्याला तिच्या तोंडून एकदा ‘पडली’ ऐकायचं होतं, बाकी काही नको होतं. त्यासाठी आधी ठिणगी तर पडायला हवी, असं त्याचं साधं म्हणणं होतं.

त्याने प्लग बदलला. प्लगची टोपी बदलली, पॉइंटला पॉलिश पेपर मारला, कंडेन्सर नवा घातला. चावीचं स्विच बाजूला काढून वायर सरळ जोडून बघितली. ठिणगी वहिनींकडेच. पद्मा दुपारची गहू निवडायला त्यांच्याकडे बसायची, ती त्याच डब्यांखालच्या पाटावर. पुढे एके दिवशी वहिनी आल्या नाहीत, त्याऐवजी दस्तगीर आला, हातात ग्रीसच्या डब्याचं झाकण घेऊन.

“आण्णा, ही तुमचीच का बघा. दुकानात भाभीच्या स्टुलावर पडली होती.”

ठिणगी तीच होती. दस्तगीरने झाकण खाली ठेवलं, चप्पल काढून गाडीपाशी उकिडवा बसला आणि टेस्टरचा दिवा लावून एकेक जोड तपासला.

“करंट निघतोय. कॉइल भाभीनं भरलंय, ते कशाला बिघडतंय?”

“मग प्लगवर का पडंना?”

“ठिणगी बघणाऱ्याकडं जातीया, आण्णा. हितं बघाय कोण हाय?”

“मी हाय की.”

“तुम्ही किक मारणार. मारणाऱ्याला बघता येत न्हाई.” दस्तगीरने दिवा बंद केला. “आणि दुसरं असं, की अर्थ लागत न्हाई.”

“कशाचा?”

“गाडीचा हो. अर्थिंग म्हणतोय मी. गेलेल्या करंटाला परत याय वाट लागती.”

एरवी गाडीचा अर्थ तिच्या फ्रेममध्येच असतो, हे दोघांनाही पाठ होतं. पण हा करंट गाडी सोडून गेला होता. त्याला परत यायला जमिनीचीच वाट, आणि गाडी तर रबरी चाकांवर, फरशीवर उभी. पद्मा गेल्यापासून आदिनाथला कशाचाच अर्थ लागत नव्हता. आता निदान त्याचं कारण तरी कळलं.

बघायला माणूस हवं ना, मग बघू म्हणून सुलोचनावहिनींनी एकदा प्लग धरला. पदराच्या टोकात, दोन बोटांत, अगदी पद्मासारखा. आदिनाथने घाम फुटेपर्यंत किका मारल्या. वहिनींच्या हाती काही लागलं नाही, आणि संध्याकाळी बस्तीतले, म्हणजे जैन मंदिरातले, उपाध्ये अक्षतांच्या वाटीतून ठिणगी घेऊन आले. बस्तीच्या पायरीला जिथे पद्मा चपला काढायची, तिथे ती पडली होती.

“मगदूम, आधी वाटलं देवाघरची असंल. दिव्यात ठेवून बघितली, पण दिवा घेईना तिला.”

तेव्हा आदिनाथच्या लक्षात आलं. ठिणगी चुकत नव्हती. ती पद्माला शोधत होती, जिथे जिथे पद्मा बसली-उठली तिथे तिथे जाऊन. आपण नुसते घरात बसून राहिलो आणि एका ठिणगीने एवढं मनावर घेतलं, या विचाराने त्याला भरून आलं. उपाध्यांना पाणी विचारायचंही तो विसरला.

ती अशी उघड्यावरून हिंडते, वाऱ्यापावसात सापडली तर विझून जाईल, ही काळजी त्याला लागली. म्हणून त्याने बाजारातून वायरीचं भेंडोळं आणलं, एक टोक कॉइलला जोडलं आणि दुसरं उंबऱ्याबाहेर सोडलं. किक मारली तशी वायर उंबऱ्यावरून सरसर सरकली, आठव्या गल्लीतून वळून नवव्या गल्लीत शिरली. दर किकेला ती तेवढीच पुढे जायची. गल्लीतली माणसं तिच्यावरून सायकल उचलून नेत. जयसिंगपुरात गल्ल्या सरळ आणि नंबराच्या, त्यामुळे वायर कुठे पोचली हे कुणीही सांगू शकायचं.

भेंडोळं संपलं त्या दिवशी पंखा बंद पडला. आदिनाथने वर बघितलं, तर पंख्याची वायर पट्टीतून सुटून भिंतीवरून खाली उतरत होती आणि भेंडोळ्याच्या टोकाला जाऊन जुळत होती. त्याने पुन्हा किक मारली. या खेपेला ट्यूबलाइटची वायर निघाली, पण तिच्या क्लिपा भिंतीत घट्ट होत्या. त्या सुटेनात, म्हणून भिंतच थोडी आत आली.

त्याने अडवलं नाही. पलंग तिरका करावा लागला, पुढे बाहेरच काढावा लागला. स्वयंपाकघर पुढच्या खोलीत आलं आणि कपबशांची मांडणी पेट्रोलच्या टाकीला टेकली. एका परीने सोयच झाली, चहा करायला उठावं लागेना.

“भावजी, घर आकसलंय तुमचं,” सुलोचनावहिनी बाहेरून म्हणाल्या.

“वायर कमी पडतीया, वहिनी.”

“असं कुठवर?”

“ती सापडंस्तोवर.”

वहिनींनी ताकाचा तांब्या दारातून आत सरकवला. दार आता तेवढंच राहिलं होतं. हँडल अडकतं म्हणून ज्याने कवाड उतरवायचं, तो स्वतःच आता त्या दारातून बाहेर पडू शकत नव्हता. तांब्या घेताना त्याने विचारलं, “तुमच्याकडं काही पडलं न्हाई?”

“न्हाई हो. मी डबं रोज हलवून बघते,” वहिनी म्हणाल्या. त्यांचाही जीव त्या ठिणगीत गुंतला होता.

ठिणगी आता कुणीच परत आणून देईना. बस्तीत नाही, दस्तगीरच्या दुकानात नाही, बाजारात पद्मा जिच्याकडून कोथिंबीर घ्यायची त्या म्हातारीच्या टोपलीत नाही. ती गेली कुठे? शेवटी दस्तगीर वायर धरून चालत निघाला. दुपारी परत आला तेव्हा त्याच्या बाह्यांना उसाची कुसं लागली होती. खिडकी पाटीएवढी झाली होती. तिच्याशी तोंड आणून तो म्हणाला, “गल्ल्या संपल्या, आण्णा. त्याच्यापुढं ऊस. वायर उसातनं पलीकडं गेलीया.”

“टोक?”

“टोकापातूर गेलो न्हाई. उसात उभा राहून वायर जरा ओढून बघितली.” दस्तगीरने बाहीवरचं एक कुस काढलं. “तर तिकडनंबी ओढली.”

आदिनाथचा हात गाडीच्या सीटवर होता. ते सीट दोघांसाठी शिवून घेतलं होतं. मागच्या भागावरचा प्लास्टिकचा कागद अजून कुणी काढला नव्हता.

“कोण हाय तिथं?”

“दिसलं न्हाई. पण ओढ हलकी हाय, दोन बोटांची. आणि तिकडनं कापडात धरलीया.”

आदिनाथला इतकं बरं आणि इतकं वाईट एकदम कधी वाटलं नव्हतं. दस्तगीर चांगला माणूस, तो दुसरीकडे बघत उभा राहिला.

“मी जाऊन सांगू काय तिला?” थोड्या वेळाने त्याने विचारलं.

“काय सांगणार?”

“ठिणगी बघा म्हणून.”

“ते तिला सांगाय लागत न्हाई.”

“मग अर्थ तेवढा द्या आता. त्याबिगर तिकडचं हिकडं ऐकू यायचं न्हाई.”

भिंती आत आल्यामुळे फरशा एकमेकींवर चढल्या होत्या आणि मध्ये मातीची एक पट्टी उघडी पडली होती. आदिनाथने चपला काढल्या. ठेवायला जागा नव्हती, म्हणून खिडकीतून दस्तगीरला दिल्या. दस्तगीरने त्या घेतल्या आणि बाहेर भिंतीशी नीट जोडीने ठेवल्या. माती गार होती, किंचित ओली. डावा पाय तीत रोवून आदिनाथने डाव्या हाताने फ्रेमचं उघडं लोखंड धरलं, जिथे रंग लावायचा राहून गेला होता. उजवा पाय किकवर ठेवला.

त्याने किक मारली. स्विचबोर्डामागची वायर निघून गेली आणि मागची भिंत त्याच्या पाठीपासून हातभर अंतरावर आली. खिडकीच्या फळीवर साठवलेल्या शिळ्या ठिणग्या भिंतीबरोबर सरकत त्याच्या खांद्याजवळ आल्या. त्यांच्या उजेडात टाकी निळी दिसत होती. बाहेर वायर सरसरली आणि थांबली.

तो वाट बघत राहिला. नवव्या गल्लीतून, बस्तीवरून, शेवटच्या गल्लीच्या पुढच्या उसातून जाऊन यायचं म्हणजे वेळ लागणारच. मग तळपायाला मुंग्या आल्या. मुंग्या घोट्यावर चढल्या, पिंढरीत आल्या, गुडघा ओलांडून वर आल्या. कानाला काहीच ऐकू आलं नाही. पण छातीशी आल्यावर त्या मुंग्यांचा आवाज झाला, आणि तो आवाज पद्माचा होता.

“पडली.”

आदिनाथच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

“पद्मा, अगं कुठायस? पाठ दुखती काय अजून? जेवलीस?” एवढं सगळं तो एका दमात म्हणाला. पण त्याच्या बोलण्यात करंट नव्हता. ते घरातच राहिलं, कपबशांवर आपटून खाली पडलं. तिकडे जात होती ती फक्त किक.

“आण्णा!” दस्तगीरची हाक आली. खिडकी आता वाटीएवढी होती आणि तीत त्याचा एकच डोळा मावत होता. “काय म्हणाली?”

आदिनाथच्या तळपायाला पुन्हा मुंग्या येत होत्या. पाठीला भिंत टेकली होती. छपराची वायर तेवढी शिल्लक होती. तीही ताणली गेली होती, आणि तिच्या क्लिपा त्याने स्वतःच्या हाताने ठोकल्या होत्या. एकही सुटणारी नव्हती.

घोटा, पिंढरी, गुडघा. त्याने डोळे मिटले.

“अजून एक मारा.”

किक खाली जाईल एवढीच जागा उरली होती. आदिनाथने पाय उचलला.