कंपनी फिटिंग

कोल्हापुरात माणसाला कमी ऐकू यायला लागलंय हे लवकर उघडकीला येत नाही. इथं कुजबुज करायची म्हटली तरी ती समोरच्या माडीवर ऐकू जाते, आणि एखादा हळू बोलायला लागला तर घरातले आधी त्याच्या कपाळाला हात लावून ताप बघतात. त्यामुळं वर्षाराणीचे कान जायला लागलेत हे मंगळवार पेठेत कुणाच्या गावीही नव्हतं. तिचं तिला मात्र पक्कं ठाऊक होतं, आणि ती ते चोरीच्या मालासारखं लपवत होती.

सुरुवात कुकरपासून झाली. शिट्टी कधी होते तेच कळेना. भाताचा लगदा झाला, एकदा डाळ करपून भांड्याला बसली. मग तिनं युक्ती काढली: कुकरसमोर उभं राहायचं आणि शिट्ट्या कानाऐवजी डोळ्यांनी मोजायच्या, वाफ उडाली की एक. फोनवर पुण्याची लेक निशिगंधा काय बोलते ते निम्मं कळायचं. उरलेल्या निम्म्याला ती "व्हय, व्हय" म्हणून मोकळी व्हायची. एकदा या व्हय-व्हयच्या नादात तिनं लेकीच्या सासूला आठ दिवस राहायला बोलावून घेतलं. विहीणबाई बॅग घेऊन दारात उभ्या राहिल्या तेव्हा कुठं तिला पत्ता लागला.

दोष कुणाचा हेही तिला माहीत होतं. घराच्या पुढच्या खोलीत तिनं उभी हयात मिरची कांडप यंत्र चालवलं होतं. उन्हाळ्यात चटणीचा हंगाम आला की सकाळपासून दिवेलागणीपर्यंत दणादण, दणादण. पेठेतल्या बायका डबे ठेवून नाकाला पदर लावून पळायच्या, ही आपली तिथंच उभी. गेल्या वर्षी गुडघे बोलायला लागले, तेव्हा तिनं यंत्र विकून टाकलं. पण कानांनी त्याचा हिशेब आधीच लावून ठेवला होता.

नुसतं ऐकू येत नाही याचं तिला एवढं काही नव्हतं. तिला भीती होती ती शालूबाईसारखं होण्याची. शालूबाई म्हणजे तिची सासू. म्हातारी शेवटी ठार बहिरी झाली होती. घरात काही बोलणं चाललं की ती विचारायची, "काय म्हणालासा?" आणि ओरडून सांगायचा कंटाळा म्हणून सगळे हात हलवून म्हणायचे, "काय न्हाय." निशिगंधाचं लग्न त्याच खोलीत ठरलं, चहापोहे झाले, पाहुणे हसले, म्हातारीनं पुन्हा पुन्हा विचारलं, आणि पुन्हा पुन्हा तिला "काय न्हाय" मिळालं. साखरपुड्याचा पेढा तळहातावर पडला तेव्हा तिला कळलं. त्यानंतर तिनं विचारणंच सोडून दिलं. कोपऱ्यात बसून राहायची, सगळ्यांच्या तोंडाकडं बघत. ते बघणं वर्षाराणीच्या डोळ्यांसमोरनं अजून हलत नव्हतं.

यंत्र गेलं आणि पुढची खोली रिकामी झाली. तिथं वर्षाराणीनं जाहीर केलं, "हितं मी आता गाणी ऐकणार." माहेरनं आलेली वडलांची रेकॉर्डची पेटी माळ्यावर होती. नवऱ्यानं, अमरसिंहांनी, जुना रेकॉर्ड प्लेअर दुरुस्त करून आणला आणि लेकीच्या लहानपणीचे दोन स्पीकर त्याला जोडले. तिनं आवडती लावणी लावली. त्या लावणीच्या सुरुवातीला नुसतं घुंगरू वाजतं, एकटंच, आणि मग ढोलकी त्याच्यावर झेप घेते. लहानपणी ती त्या घुंगरासाठी श्वास धरून बसायची. आता ढोलकी आली, घुंगरू आलंच नाही.

"स्पीकर खराब हाईत," ती लगेच म्हणाली.

"तसंच दिसतंय," अमरसिंह म्हणाले.

बुडत्याला काडीचा आधार म्हणतात तो हा. कोण जाणे, खरंच स्पीकरच खराब असतील. चांगल्या स्पीकरवर घुंगरू वाजलं तर कान शाबूत. नाहीच वाजलं तर मात्र शालूबाईचा कोपरा आपला. एवढा सगळा निकाल पोटात ठेवून वर्षाराणी रविवारी सकाळी रेकॉर्ड पिशवीत घालून नवऱ्याच्या स्कूटरवर मागं बसली.

कळंब्याला खिजरचं दुकान होतं. दुकान कसलं, घराचीच पुढची बाजू. लोक जुने, विलायती, मोडके स्पीकर आणून टाकायचे आणि खिजर त्यांच्यात पुन्हा जीव घालायचा. तिशी-पस्तिशीचा गडी, बोलायला तिखट, पण मालाबद्दल खोटं बोलणारा नव्हे. त्यानं दोन जोड्या मांडून ठेवल्या होत्या. एक धाकटी, मांडीवर मावेल अशी. दुसरी थोरली, जवळजवळ कमरेएवढी, काळपट लाकडाची, बघूनच दबदबा वाटावा अशी.

"काकी, सरळ सांगतो," खिजर म्हणाला. "ह्या धाकट्याचं आतलं सगळं मी बदललंय. बारीक आवाज काढतोय ती वरची वाटी, ट्विटर म्हणत्यात तिला, ती नवी घातलीया. वायरिंग नवं. आन ह्या थोरल्याला मी बोटसुदिक लावल्यालं न्हाय. जसं कंपनीतनं आलं तसं. कंपनी फिटिंग."

"मग थोरलंच की," अमरसिंह म्हणाले. "कंपनी फिटिंग म्हंजे कंपनी फिटिंग. आन घ्यायचं तर दणक्यात घ्यावं. एवढुसं न्हेलो तर पेठ हसंल." कागलच्या एमआयडीसीत पत्रा ठोकायच्या प्रेसवर त्यांनी नोकरी केली होती, त्यामुळं दणका हा शब्द त्यांच्या तोंडी प्रेमानं यायचा.

"आधी ऐका तर खरं," रेकॉर्डवरचं नाव वाचून खिजर म्हणाला. "ही लावणी ठावं हाय मला, सुरवातीचं घुंगरू ऐका." त्यानं धाकट्यावर रेकॉर्ड लावली, सुई टेकवली, आणि तेवढ्यात बाहेर चहावाल्यानं हाक मारली म्हणून दारात गेला.

वर्षाराणीनं श्वास धरला. काही नाही. मग एकदम ढोलकी.

तिनं चोरून नवऱ्याकडं बघितलं. अमरसिंह डोळे मिटून मान डोलवत होते, तोंडावर कसं अगदी समाधान. म्हणजे ह्यांना येतंय ऐकायला. म्हणजे स्पीकर बरोबर. आपलेच कान गेले.

"घुंगरू कसं वाटतंय, काकी?" खिजरनं दारातनंच आवाज दिला.

"लई सुरेख!" वर्षाराणी म्हणाली. आवाज फाटला तो तिनं खोकून झाकला.

"खणखणीत!" अमरसिंहांनी पुस्ती जोडली. "कानात बसून वाजीवल्यागत!"

खिजर चहाचे कप घेऊन आत आला आणि उंबऱ्यातच थबकला. त्यानं कान टवकारले. कप खाली ठेवले. वाकून धाकट्या स्पीकरच्या मागं बघितलं, मग दुसऱ्याच्या मागं.

"अवो," तो म्हणाला, "ट्विटरची वायर मी सकाळी काढलीया, दोन्हीकडची. जोडायचीच ऱ्हायली. ह्यात घुंगरू आलंच तर गोणपाटात बांधल्यागत यायचं. खणखणीत कुठनं ऐकलासा तुमी?"

ढोलकी तेवढी आपली निर्लज्जासारखी वाजत होती.

वर्षाराणीला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. एवढी वर्षं राखलेलं गुपित एका वायरीनं चव्हाट्यावर आणलं होतं. ती खाली मान घालून पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली. मग तिच्या डोक्यात हळूहळू उजेड पडला. खणखणीत आपण नव्हतो म्हणालो. तिनं मान वर करून नवऱ्याकडं बघितलं. अमरसिंह छताचा पंखा बघत होते. पंखा बंद होता.

"अवो," ती म्हणाली, "तुमास्नी ऐकाय आलं घुंगरू?"

"तुला आलं न्हवं?"

"आधी तुमी सांगा."

अमरसिंहांनी घसा खाकरला. मिशीवरनं हात फिरवला. "न्हाय," ते म्हणाले. "न्हाय आलं. तू सुरेख म्हणालीस म्हणून मी खणखणीत म्हणालो."

"आन मी तुमची मान डोललेली बघून सुरेख म्हणालो की वो!"

"घरातबी तसंच," अमरसिंह म्हणाले. "तू स्पीकर खराब म्हणालीस, मला बरंच वाटलं. लई वर्सं झाली, वर्षा. बारीक आवाज गेलाच माझा. त्या प्रेसनं खाल्ला."

"म्हणून टीव्ही एवढा मोठा लावलेला चालत हुता तुमास्नी? मला वाटायचं, माणूस सोशीक हाय."

"मला वाटायचं, माझ्यासाठी मोठा करतीया. मनात म्हणायचो, समजून घेती बिचारी."

"आन स्कूटरचा इंडिकेटर? मंगळवार पेठेतनं हितंपत्तूर सुरूच हुता. मागचा एकजण शिव्या देऊन गेला तुमास्नी!"

"टिकटिक ऐकाय येती व्हय त्याची?" अमरसिंहांनी मनापासून विचारलं.

आणि वर्षाराणीला हसू फुटलं. आधी पदरात, मग पदर सोडून, मग पोट धरून. अमरसिंहांनाही आवरेना. खिजर मधे उभा राहून या दोघांकडं आळीपाळीनं बघत होता. हसता हसता वर्षाराणीच्या डोळ्यांतनं पाणी गळायला लागलं, आणि छातीवरचं जातं कुणी उचलून बाजूला ठेवावं तसं तिला हलकं वाटलं. किती वर्षं एकाच छपराखाली दोघं आपापलं झाकत बसली होती, आणि झाकायचं होतं ते एकच.

हसणं ओसरल्यावर अमरसिंह हळू, म्हणजे त्यांच्या मानानं हळू, म्हणाले, "आईचं ध्यानात हाय न्हवं तुझ्या? आपण काय सांगत न्हवतो गं तिला. मला तेवढंच भ्या वाटतंय बघ. मी इचारलो तर सांगशील न्हवं?"

ही भीती वर्षाराणीची होती. तिनं ती एकटीनं पाळली होती, आणि हा माणूस शेजारच्या खाटेवर तीच पाळत होता.

"सांगीन," ती म्हणाली. "धा बारी इचारलासा तर धा बारी सांगीन. वरडून सांगीन. आन तुमीबी सांगायचं मला."

"वरडायचं काय, ते येतंयच की आपल्याला," अमरसिंह म्हणाले.

खिजरनं आता चहा हातात दिला. "काका, काकी, एक बोलू? आमच्या ताजबीखाला हाईत, मावशी माझ्या, त्यांनी दोन्ही कानांत मशीन घातलंय. पयलं दोन म्हयनं कुरकुरल्या. आता शेजारची भांडणं घरात बसून ऐकत्यात. तुमीबी एकदा कान तपासून घ्या. स्पीकरचं आतलं बदलता येतंय, मग कान काय कंपनी फिटिंगच ऱ्हायला पायजेत असं थोडंच हाय?"

"उद्याच जातो," वर्षाराणी म्हणाली. काल हेच कुणी सुचवलं असतं तर तिनं त्याला कांडपात घातलं असतं. आता तिला त्यात काही भ्यायचं दिसेना. दोघंच तर जाणार, रांगेत शेजारी शेजारी बसणार.

"मग आज स्पीकरचं काय करायचं?" अमरसिंहांनी विचारलं. "थोरलं तर ऐकून बघू."

थोरल्या जोडीवर रेकॉर्ड लागली. ढोलकी अशी आली की चहाच्या कपात तरंग उठले. अमरसिंहांचा चेहरा खुलला. घुंगरू मात्र दोघांनाही आलं नाही, आणि या खेपेला दोघांनी तसं बेधडक सांगितलं.

"हे जसं कंपनीनं ठरवलं तसंच वाजणार, काकी," खिजर म्हणाला. "दणका भरपूर, पण बारीक वाढवायची सोय न्हाय ह्यात. थांबा जरा." त्यानं धाकट्या जोडीच्या मागं वायरी जोडल्या. मग पाठीवरच्या एका लहानशा खुंटीवर बोट ठेवलं. "ही मी बशीवलीया. खालचा आवाज हाय तेवढाच, वरचा पायजे तेवढा चढवायचा. एवढा कुणी चढवत न्हाय. तुमच्यासाठी चढीवतो."

त्यानं दोन्हीकडची खुंटी पार टोकाला नेली, सुई टेकवली, आणि झटक्यात मागं सरकला.

आधी काही नाही. मग कुठंतरी लांब, गल्लीच्या त्या टोकाला कुणी पाय आपटावा तसं, छुम्. मग पुन्हा. मग जवळ. घुंगरू होतं. एकेक दाणा मोजून घ्यावा असं. वर्षाराणी तोंडावर हात ठेवून बसली. गेलं नव्हतं ते. तिथंच होतं इतकी वर्षं, फक्त तिच्यापर्यंत पोचत नव्हतं. ढोलकी येऊन आदळली तरी ते खाली दबलं नाही, वरनं वाजतच राहिलं, आणि तिला हुंदका आला तो तिनं खोकून वगैरे झाकला नाही.

अमरसिंहांनी डोळे मिटले नव्हते. ते तिच्याकडंच बघत होते, आणि बोटानं गुडघ्यावर बरोबर घुंगराचा ठेका धरत होते.

"आलं?" तिनं खुणेनं विचारलं.

"आलं," त्यांनी मान हलवली. आता ती मान खोटी नव्हती.

दारात खिजर दोन्ही कानांत बोटं खुपसून, तोंड वेडंवाकडं करून उभा होता. आतून त्याची म्हातारी आई ओरडत होती, कुणाचं पितळंचं भांडं पडलं म्हणून. "काकी," तो कळवळून म्हणाला, "पेठेत खिडक्या लावून ऐका बरं का! न्हायतर शेजारी माझ्या दारात येतील!"

"धाकटंच न्हेणार आमी," वर्षाराणी म्हणाली. पेठेला हसायचं असेल तर खुशाल हसू दे.

रेकॉर्डची ती बाजू संपली. सुईखाली तबकडी नुसतीच फिरायला लागली, निदान फिरताना दिसत होती.

"अवो, परत लावा की," वर्षाराणी म्हणाली.

अमरसिंहांनी कानामागं तळहात धरला आणि तिच्याकडं वाकून, जराही न लाजता विचारलं, "काय म्हणालीस?"

"परत लावा!" ती सगळ्या कळंब्याला ऐकू जाईल अशी ओरडली. "परत लावा म्हणतो!"