शेवटची ओळ

शेवटची ओळ टाइप झाली आणि तिचं बोट सवयीनं खोडायच्या बटणावर गेलं. तिथंच थांबलं. तिनं हात उचलून मांडीवर ठेवला, ओळ पुन्हा एकदा वाचली आणि मजकूर पान लावणाऱ्याकडे पाठवून दिला. मग लगेच उठून पाणी प्यायला गेली. जागेवर बसून राहिली असती तर तो तिनं परत मागवला असता.

वर्तमानपत्रातलं 'आजचा दिवस' हे सदर कितीतरी वर्षं तिच्याकडे होतं. कचेरीत तिला तारीखबाई म्हणत. कुठला राजा कधी जन्मला, कुठला पूल कधी कोसळला हे बाईंना तोंडपाठ, आणि दाताच्या डॉक्टरकडे मात्र दर वेळी एक दिवस उशिरा जाणार, अशी तिची चेष्टा चालायची, आणि त्यात खोटं काही नव्हतं. सदराची रीत ठरलेली होती. आधी जन्म, मग मृत्यू, मग घटना, आणि घटना जुन्याकडून नव्याकडे. ऐनवेळी जाहिरात वाढली तर सदर खालून कापायचं. म्हणजे कुऱ्हाड नेहमी सगळ्यांत नव्या घटनेवर पडायची. मेलेल्यांना मात्र कोणी हात लावत नसे, कारण त्यांचे नातेवाईक दुसऱ्या दिवशी फोन करून भांडतात.

उद्याच्या तारखेची सगळ्यांत नवी घटना म्हणजे तिची आई होती. लग्नाआधी, ऐन विशीत, आईनं सामुद्रधुनी पोहून पार केली होती. तोवर कुठल्याही बाईनं ते केलं नव्हतं. पुढे चार वर्षांनी, नेमक्या त्याच तारखेला, तिला मुलगी झाली. ती ही तारीखबाई.

हा योगायोग इतरांना फार गोड वाटे. मुलीला कधीच वाटला नाही. लहानपणी तिच्या वाढदिवसाला घर माणसांनी भरून जायचं, पण ती माणसं आईची असायची. पोहण्याच्या क्लबातली मंडळी निळ्या लाटांचा केक आणायची आणि तो आई कापायची. एका वर्षी फोटो काढणाऱ्यानं तिला हातानंच सरकवलं होतं. "बाळ, तू जरा बाजूला हो हं, आईचा एकटीचा हवाय." आणि दरवर्षी, सगळ्यांच्या हातात बश्या आल्या की, आई आपला ठेवणीतला विनोद काढायची.

"कळा सुरू झाल्या तशी मी डॉक्टरांना म्हटलं, काय वाट्टेल ते करा, पण आज नको. आज माझा दिवस आहे."

माणसं पोट धरून हसायची. मुलगीही हसायची, कारण न हसणारं मूल कोणाला आवडतं? दुसऱ्या दिवशी वडील गुपचूप एक पेस्ट्री आणायचे आणि म्हणायचे, "तुझा आज." ते गेले तेव्हा ती अकरावीत होती. त्यानंतर तिचा दिवस कुठल्याच तारखेला आला नाही.

दिवस पालटतात तसे पालटले. दुसऱ्या बायकांनी ती सामुद्रधुनी आईपेक्षा निम्म्या वेळात पार केली. क्लब बंद पडला, त्या जागी मोटारी धुवायचं दुकान आलं. केक आणणारी माणसं एकेक करून गेली. आईच्या त्या एका दिवसाची आठवण ठेवणारं जगात काही उरलंच असेल, तर ते मुलीच्या हातातलं सदर. आणि मुलीनं काय केलं? पहिल्याच वर्षी ती ओळ लिहिली, बराच वेळ तिच्याकडे पाहिलं आणि खोडून टाकली. घरी येऊन आईला म्हणाली, "मी दिली होती गं ओळ. जाहिरात आली, खालून कापली."

"अगंबाई," आई म्हणाली होती. "असू दे. पुढच्या वर्षी."

एकदा सांगितलेलं खोटं दुसऱ्यांदा सांगायला काहीच कष्ट पडत नाहीत. तिनं ते दरवर्षी सांगितलं. त्या एका दिवशी तिला आतून गार वाटायचं, आणि त्यानंतर आठवडाभर स्वतःची शिसारी यायची. तरी पुढच्या वर्षी, मजकूर पाठवून झाला असला तरी परत मागवून, बोट त्याच बटणावर.

आता आई अंथरुणाला खिळली होती. दोन वर्षांत नजर जवळजवळ गेली होती, हृदयही दमलं होतं. गेल्या आठवड्यात पाठ पुसून घेताना ती सहज म्हणाली, "मी गेल्यावर तरी टाकाल ना गं माझं नाव? मृत्यूंत? ते कापत नाहीत म्हणतेस."

त्यात तक्रार नव्हती. असती तर मुलीला सोसली असती. ती ओला टॉवेल हातात धरून तशीच उभी राहिली, आणि यंदा ओळ द्यायची हे तिनं तिथंच ठरवलं. आईला वाचता येणार नव्हतं. ती स्वतः वाचून दाखवणार होती, पहिल्या राजापासून शेवटच्या ओळीपर्यंत.

पाणी पिऊन ती पान लावणाऱ्याच्या टेबलाशी गेली. तो निवृत्तीला टेकलेला गृहस्थ. सगळे त्याला मोजपट्टी म्हणत, कारण कुठला मजकूर कुठे मावेल हे त्याला नुसत्या नजरेनं कळायचं. पान समोर लागलेलं होतं. सदराच्या तळाशी आईचं नाव, लग्नाआधीच्या आडनावासकट, आणि त्याखाली रोजच्यासारखं शब्दकोडं.

"बघितलंत ना नीट?" मोजपट्टीनं चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "शेवटपर्यंत?"

"बघितलं. जाऊ दे."

"बरं."

तो आणखी काही विचारणार होता असं तिला वाटलं. दोन शब्द सांगून ठेवावेत असंही वाटलं. पण सांगायचं म्हणजे सगळंच सांगावं लागलं असतं. फार वर्षांपूर्वी, कोणाला संशय येऊ नये म्हणून, तिनंच त्याला बजावलं होतं, "जागा कमी पडली तर शेवटची ओळ उडवत जा, मला विचारत बसू नका." तेही तिला त्या क्षणी आठवलं नाही. ती खुशीत होती. घरी जाताना बसमध्ये ती ओळ मनातल्या मनात म्हणून पाहत होती, शाळेत कविता म्हणायला उभं राहण्याआधी पाहतात तशी.

सकाळी तिला उशिरा जाग आली. पहाटे आईचा चहा समोरच्या काकू बघायच्या. त्या निवृत्त नर्स होत्या, किल्ली त्यांच्याकडेच असायची, आणि कचेरीतून रात्री येणाऱ्या पोरीला झोपू द्यावं एवढी त्यांना माया होती. त्या येऊन गेल्या होत्या. दाराच्या कडीत वर्तमानपत्र अडकवलेलं होतं. तिनं ते उभ्या उभ्या उघडलं.

सदर होतं. जन्म होते, मृत्यू होते. घटना एका जहाजाच्या जलसमाधीपाशी संपत होत्या. त्याखाली कोडं नव्हतं. जाडजूड अक्षरांत गाद्यांची जाहिरात होती, दोन गाद्यांवर एक उशी मोफत, आणि एक बाई तोंडभर हसत झोपली होती.

ती स्वयंपाकघरात गेली, दार लोटलं आणि फोन लावला. मोजपट्टीचा आवाज झोपेतला होता.

"गादीवाले उशिरा आले हो. कोडं आतल्या पानावर ढकललं, तरी एक ओळ जास्तच होत होती."

"म्हणून ती काढलीत?"

"ती तुम्हीच काढता ना दरवर्षी. मजकूर पाठवता, मग परत मागवता, आणि पुन्हा येतो तेव्हा त्यात ती ओळ नसते. माझ्या लक्षात आहे ते. म्हटलं, यंदा बाई विसरल्या. तुमची ओळ वाचवायला एक राजा उडवता आला असता, पण म्हटलं, तुम्हाला नकोच असते ती." मग त्यानं विचारलं, "का हो, चुकलं का काही?"

"नाही," ती म्हणाली. "तुमचं नाही चुकलं."

फोन ठेवून ती ओट्याला टेकून उभी राहिली. रडू आलं असतं तर बरं झालं असतं. आलं ते हसू, आणि तेही कडू. करावं तसं भरावं, हे दुसऱ्याला सुनवायला फार सोपं असतं. मग तिच्या मनात आलं, आईला कुठं दिसतंय? सदर वाचायचं, आणि शेवटी ती ओळ म्हणायची. इतकी वर्षं खोटं बोलले ते आईला दुखवायला. आज एकदा तिच्या सुखासाठी बोललं तर काय बिघडणार आहे? असा विचार केल्यावर तिला धीर आला. तिनं तोंड धुतलं, केस सारखे केले आणि वर्तमानपत्र घेऊन आत गेली.

आई उशाला टेकून बसली होती. डोळे खिडकीच्या उजेडाकडे.

"उठलीस? पेपर आला का?"

"आलाय. वाचू?"

"वाच."

तिनं खुर्ची पलंगाजवळ ओढली. पहिल्यापासून वाचलं. राजा, गणितज्ञ, एक बासरीवादक. मृत्यूंमध्ये दोन सेनापती आणि एक स्वयंपाकाची पुस्तकं लिहिणारी बाई. आई मान हलवत होती. तह, भूकंप, जहाज. मग तिनं कागदावरची नजर न काढता, तशाच सपाट आवाजात, शेवटची ओळ म्हटली. वर्ष, सामुद्रधुनीचं नाव, पोहून पार करणारी पहिली स्त्री, आणि आईचं नाव, जुन्या आडनावासकट. आवाज थोडासुद्धा कापला नाही याचा तिला अभिमान वाटला.

आईचा चेहरा हलला नाही. तिनं चादरीची एक चुणी बोटांनी सरळ केली.

"आडनावसुद्धा छापलंय?"

"हो, तेही."

"छान वाचलंस," आई म्हणाली. मग तिनं विचारलं, "आणि त्याखाली?"

"खाली कोडं आहे. नेहमीचं."

"काकू म्हणाल्या गाद्यांची जाहिरात आहे. उशी फुकट देतायत म्हणे. त्यांच्या घरचा पेपर घेऊन आल्या होत्या चहाच्या वेळी. सगळं सदर वाचून दाखवलं बिचारीनं, दोनदा. मीच दुसऱ्यांदा वाचायला लावलं."

मुलीनं हातातल्या कागदाची घडी केली. तिनं तो गुडघ्यावर ठेवला. बाहेर जिन्यात कोणीतरी सायकल उतरवत होतं, तिचं चाक दर पायरीला आपटत होतं.

"मला दिसायचं तेव्हा त्या जागी कोडंच असायचं," आई म्हणाली. "दरवर्षी. मी सोडवायचे की ते. तू म्हणायचीस जाहिरातीनं खाल्लं, आणि मी इथं बसून आडवे शब्द भरायचे."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलणार? आपलेच दात, आपलेच ओठ." आईनं मान वळवली, पण मुलगी बसली होती त्याच्या जरा बाजूलाच तिची नजर स्थिरावली. "तुझा राग मला कळत होता गं. केक मी कापायला नको होता. तेवढं मला फार उशिरा कळलं. म्हटलं, निवेल एक दिवस. त्या दिवशी आपोआप छापशील."

मुलीला सगळं एकदम सांगायचं होतं. काल सगळं निवलं होतं, तिनं हात मांडीवर ठेवला होता, पान शेवटपर्यंत बघून सोडलं होतं. हे सगळं खरं होतं, आणि सांगायला लागलं तर एकेक शब्द जुन्याच खोट्याचा होता. तिला दुसरे शब्द सापडेनात.

"आई, यंदा मी दिली होती गं ती ओळ," ती म्हणाली. "जाहिरात आली. खालून कापली."

"हो," आई म्हणाली. "दरवर्षी देतेसच तू."

आणि तिनं भिंतीकडे कूस वळवली.