बाहेरून लावलेली कडी

इतिहास फळ्यावर शिकवला की तो खडूबरोबरच पुसला जातो, असं इतिहासाच्या बाईंचं ठाम मत होतं. म्हणून पाठ्यपुस्तक मिटून त्या सातवीच्या मुलींना एका न्यायाधीशांच्या जुन्या घरी घेऊन गेल्या. ते घर आता संग्रहालय झालं होतं. "काही लिहून घेऊ नका. डोळे उघडे ठेवा आणि अडेल तिथे विचारा," एवढंच त्यांनी मुलींना बजावलं.

न्यायाधीशांचं मेज, चष्मा, हस्तिदंती मुठीची काठी असं सगळं दाखवून झाल्यावर गाइड मुलींना वरच्या मजल्यावर घेऊन आला. उघड्या दारातून एक पलंग, एक आरसा आणि बागेकडची खिडकी दिसत होती. "ही साहेबांच्या पत्नींची खोली," तो रोजच्या सरावाने सांगू लागला. "त्यांना एकांताची फार आवड. शेवटची कित्येक वर्षं त्या इथून बाहेरच आल्या नाहीत."

"मग कडी बाहेरून का आहे?" अख्खा वर्ग जिला चिमणी म्हणायचा, त्या मुलीने विचारलं.

गाइड हसला. "जुनी घरं अशीच असायची, बाळ."

"बाकीच्या खोल्यांना तर आतून आहे. मी बघत आले."

गाइडने घड्याळाकडे पाहिलं. "प्रश्न सरळ आहे," बाई म्हणाल्या, "उत्तरही सरळ द्या." ते न देताच तो पुढच्या दालनाकडे चालू लागला.

दुसऱ्या दिवशी बाईंनी मुलींना त्या खोलीचं चित्र काढायला सांगितलं. कुणाचा पलंग तिरका झाला होता, कुणाचा आरसा पलंगाहून मोठा. पण झाडून सगळ्या मुलींनी खिडकीशी एक पाठमोरी बाई काढली होती, आणि प्रत्येक चित्रात तिचा सैल अंबाडा डाव्या खांद्यावर कलला होता.

"ही कोण गं?"

चिमणीला प्रश्नच कळेना. "त्या होत्या ना तिथे. आम्ही पुढे गेलो तरी तुम्ही त्यांच्याशीच बोलत उभ्या होतात, बाई."

कडी नीट पाहावी म्हणून आपण दारापाशी रेंगाळलो होतो, हे बाईंना आठवत होतं. मात्र तिथून निघून मुलींना कधी गाठलं, ते कितीही डोकं खाजवलं तरी आठवेना.

दुपारी मुख्याध्यापिकांनी बोलावून घेतलं. संग्रहालयाकडून तक्रार आली होती. "मुलींना नको ते विचारायला शिकवता तुम्ही. यापुढे सहली बंद."

"करा बंद," बाई म्हणाल्या. "माझे पाय तर बांधता येणार नाहीत ना?"

रविवारी सकाळी त्या एकट्याच गेल्या. दाराला कडी नव्हती. ती होती तिथे पुट्टी भरून वरून रंग फासला होता आणि त्याचा वास अजून गेला नव्हता. बाईंनी केसातली पिन काढली आणि ती ओली पुट्टी खरवडायला सुरुवात केली. बघायला आलेली माणसं थबकली. गाइड धावतच आला.

"इथे कडी होती," सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बाई म्हणाल्या. "कसला आलाय एकांत? एका बाईला कोंडून घातलं होतं या खोलीत!"

"हळू बोला," गाइड कुजबुजला. त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं, आणि तो त्या माणसांकडे नव्हे, खोलीत पाहत होता. "त्यांना ऐकू जातं."

"जाऊ दे की. त्यांच्यासाठीच तर बोलतेय." आणि रिकाम्या खिडकीकडे तोंड करून बाईंनी स्वच्छ शब्दांत सांगितलं, "दार उघडं आहे. चला."

काहीच घडलं नाही, साधा पडदाही हलला नाही. बाई ताठ मानेने जिना उतरल्या आणि कुणाचं तरी जुनं ओझं उतरवून दिल्यासारख्या हलक्या पावलांनी, रमतगमत घरी आल्या.

दार सासूबाईंनी उघडलं. त्यांनी सुनेकडे पाहिलं, मग तिच्या खांद्यामागे पाहिलं, आणि लगबगीने पदर सावरला. "अगं, पाहुण्यांना घेऊन येणार होतीस, तर आधी सांगायचंस तरी!"

बाई ना किंचाळल्या, ना त्यांनी मागे वळून पाहिलं. बाजूला सरकून त्यांनी दार सताड उघडं धरलं.

"या," त्या म्हणाल्या, "आत या. हवं तेव्हा जा."