झग्यावरचं रक्त

धाकट्याला पुरून तीन दिवस झाले आणि थोरला सुरीला धार लावत बसला. कत्तलखान्याच्या मुकादमाने सळईने धाकट्याचं डोकं फोडलं, ते आठ जणांनी पाहिलं होतं. पोलिसांपुढे मात्र आठही जणांची दातखीळ बसली. पाय घसरून पडला म्हणे! मेल्यांना जीभ होती की नाही देव जाणे.

"चर्चच्या पाळकांनी पुरताना बायबलातलं काय वाचलं, ऐकलंस ना?" थोरला आईला म्हणाला. "शेवटच्या लढाईला देव पांढऱ्या घोड्यावर येतो, रक्ताने भिजलेला झगा घालून. मग मीच का हातावर हात धरून बसू?"

आईने कत्तलखान्याचे एप्रन धुण्यात उभी हयात घालवली होती. "पण लढाई तर पुढे आहे. झगा आधीच कसा भिजला? कुणाचं रक्त ते?"

"शत्रूचं! आणखी कुणाचं?"

"शत्रू अजून धडधाकट उभा आहे, बाळा. कामाला लागण्याआधीच एप्रन लाल दिसला, की मी घालणाऱ्याच्या अंगावर जखम शोधायचे."

"तुझं आपलं काहीतरीच!" म्हणत त्याने आपला कामाचा एप्रन चढवला आणि तो तरातरा कत्तलखान्याकडे निघाला.

मुकादम मांस टांगायच्या आकड्यांखाली उभा होता, ते आठ जण आसपास कामात होते. थोरल्याने त्याला भिंतीवर आपटलं, नाकाचा चेंदामेंदा केला, खाली पाडून छातीवर गुडघा रोवला. झटापटीत सुरी फिरली आणि थोरल्याच्याच तळव्यात हाडापर्यंत गेली. रक्त भळाभळा त्याच्या एप्रनवर सांडलं. मुकादमाच्या गळ्यावर अजून ओरखडाही नव्हता.

थोरला स्वतःच्या छातीकडे बघतच राहिला. म्हणजे घोड्यावरच्या त्या देवाच्या झग्यावर त्याचं स्वतःचंच, क्रुसावर सांडलेलं रक्त होतं! आणि आपण त्याच्या नावाने गळा चिरायला आलो. त्याला रडू फुटलं. त्याने सुरी गटारीत फेकली.

मुकादमाला तेवढंच हवं होतं. सळई उचलून त्याने थोरल्याचा खांदा मोडला, मग गुडघा. "भावाकडे जायचंय ना? जा!"

"मार," थोरला कण्हत म्हणाला. "मी हात उचलणार नाही. सगळ्यांच्या देखत मार."

सळई डोक्यावर उगारली गेली, तोच त्या आठांतल्या कातडी सोलणाऱ्या म्हाताऱ्याने ती दोन्ही हातांनी धरली. "बास! धाकट्यालाही असंच मारलंस तू. मी पाहिलं."

"मीपण," मागून कुणीतरी म्हणालं. बाकीचे दार अडवून उभे राहिले.

म्हातारा थोरल्यापाशी मटकन बसला. "तीन दिवस तोंड उघडलं नाही रे मी," तो म्हणाला, "पोलिसांना बोलवा, आता सगळं सांगतो."